पावणेचार इंचांचे नायक

चित्रपटातल्या किंवा दूरचित्रवाणी मालिकेतल्या पात्राची, हातपाय हलवता येणारी प्लास्टिकची छोटी प्रतिकृती म्हणजे अॅक्शन फिगर. १९६० च्या दशकात अमेरिकेत ती जन्माला आली, १९७७ नंतर जगभर घरोघरी पोचली, आणि तिच्याशी खेळलेली मुलं मोठी झाली तेव्हा जुन्या बाजारातल्या ताडपत्र्यांवर येऊन पडली. तिथून ती शोधून, ओळखून, पुरी करून जपणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आज अमेरिका, ब्रिटन, जपान आणि थोड्या प्रमाणात भारतातही आहे. या छंदाला वेगळी खोली देणारी एक गोष्ट आहे. या वस्तू कारखान्यातून निघाल्या तेव्हा मुळीच दुर्मिळ नव्हत्या, कोट्यवधींनी निघाल्या होत्या. मुलं त्यांच्याशी मनसोक्त खेळली. बोटाच्या पेराएवढी पिस्तुलं सोफ्याच्या फटीत गेली, झगे फाटले, पाय निखळले, आणि जे धड उरलं ते मोलाचं ठरलं. अगदी सुरुवातीच्या काही तुकड्या सोडल्या, तर ही दुर्मिळता खेळण्यातूनच तयार झाली आहे.

‘अॅक्शन फिगर’ हा शब्दच मुळी एका अडचणीतून निघाला. १९६४ साली हॅसब्रो या अमेरिकन कंपनीने ‘जी. आय. जो’ नावाचा बारा इंची सैनिक बाजारात आणला. त्याचे सांधे वळत होते, कपडे बदलता येत होते, सोबत बंदुका आणि तंबू मिळत होते. खरं पाहता तो बाहुलाच होता. पण मुलग्यांसाठी बाहुली विकत घ्यायला तेव्हाचे आईबाप तयार होणार नाहीत, ही कंपनीची भीती होती. म्हणून जाहिरातीत आणि दुकानात ‘डॉल’ हा शब्द कटाक्षाने टाळून हे नवं नाव रूढ करण्यात आलं. ब्रिटनमध्ये पालिटॉय कंपनीने १९६६ पासून हाच सैनिक ‘अॅक्शन मॅन’ या नावाने विकला.

पडद्यावरच्या पात्रांना या साच्यात आणण्याचं श्रेय मोठ्या प्रमाणात मेगो या कंपनीला जातं. १९७० च्या दशकात तिने आठ इंची फिगर्सची रांगच लावली. त्यात कॉमिक्समधले महानायक होते, ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’मधली माकडं होती, ‘स्टार ट्रेक’चे कर्क आणि स्पॉक होते. त्यांना खऱ्या कापडाचे कपडे असत आणि अवयव आतून रबराने ताणून बांधलेले असत. आज मेगोची फिगर हाती आली की ते रबर बहुधा सैल पडलेलं किंवा तुटलेलं असतं आणि हातपाय लोंबत असतात. याच मेगोकडे १९७६ मध्ये एका नव्या अंतराळपटाच्या खेळण्यांचा प्रस्ताव आला होता. तिने तो नाकारला. मॅटेल या दुसऱ्या खेळणी कंपनीनेही नाकारला. तो चित्रपट म्हणजे ‘स्टार वॉर्स’.

प्रस्ताव स्वीकारला तो ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीच्या केनर कंपनीने. तिचे प्रमुख होते बर्नार्ड लूमिस. या चित्रपटात माणसांइतकीच यानं महत्त्वाची होती, आणि तिथेच आकाराचा प्रश्न आला. बारा इंची किंवा आठ इंची फिगर आत बसेल एवढं यान करायचं तर ते पलंगाएवढं झालं असतं, आणि त्याची किंमतही कोणाला परवडली नसती. म्हणून फिगरच लहान करायची ठरली. लूमिस यांनी अंगठा आणि तर्जनी ताणून ‘एवढी’ म्हणून दाखवली आणि ते अंतर मोजलं तर पावणेचार इंच भरलं, अशी आठवण या व्यवसायात आजही सांगितली जाते. हे माप पुढे इतकं रुळलं की १९८२ मध्ये हॅसब्रोने जी. आय. जो नव्याने आणला तोही याच उंचीचा.

‘स्टार वॉर्स’ २५ मे १९७७ ला प्रदर्शित झाला आणि त्याचं यश कोणाच्याच हिशेबात नव्हतं. साचे कापणं, नमुने मंजूर करणं, हाँगकाँगमध्ये उत्पादन करून माल जहाजाने आणणं, या सगळ्याला महिनोन् महिने लागतात. नाताळ तोंडावर आला आणि केनरच्या हातात एकही फिगर नव्हती. तेव्हा कंपनीने चक्क पुठ्ठ्याचं पाकीट विकलं. आत चित्र छापलेला पुठ्ठ्याचा मांडणी-फलक होता, काही स्टिकर्स होते आणि एक प्रमाणपत्र होतं. ते टपालाने पाठवलं की पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला चार फिगर्स घरी येतील, असं वचन. ल्यूक स्कायवॉकर, राजकन्या लेया, च्युबाका आणि आर टू-डी टू हे ते चौघे. लोकांनी ते पाकीट विकत घेतलं. आज फिगर्सइतकाच तो पुठ्ठा आणि ते प्रमाणपत्रही शोधलं जातं, कारण बहुतेकांनी प्रमाणपत्र पाठवून दिलं आणि पाकीट केरात टाकलं.

१९७८ मध्ये पहिल्या बारा फिगर्स दुकानात आल्या. १९८५ पर्यंत ही संख्या शंभराच्या आसपास गेली आणि सगळ्या मिळून २५ कोटींहून अधिक फिगर्स विकल्या गेल्या. एका फिगरची किंमत दोन डॉलरच्या जवळपास होती. खिशातल्या पैशांत बसणारं हे खेळणं मुलांनी एकेक करून जमवलं, मित्रांशी अदलाबदल केलं, अंगणातल्या मातीत पुरलं, आंघोळीच्या टबात बुडवलं. पहिल्या बारांपैकी दोन यंत्रमानव सोडले तर प्रत्येकाजवळ काही ना काही सुटं होतं. हान सोलोकडे पिस्तूल, च्युबाकाकडे धनुष्यासारखी बंदूक, लेयाकडे पिस्तूल आणि पांढरा झगा, डार्थ व्हेडर या खलनायकाकडे काळा झगा आणि दंडाच्या आत सरकवता येणारी प्रकाशतलवार. हे सुटं सामान सगळ्यात आधी हरवलं. त्यामुळे फिगर मिळते, पण तिचं हत्यार मिळत नाही, आणि संग्राहकाचं निम्मं आयुष्य त्या हत्याराच्या मागे जातं.

या फिगर्स मिळण्याची जागा म्हणजे जुना बाजार. इंग्रजीतल्या त्याच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘पिसवांचा बाजार’ असा होतो, आणि ते नाव फ्रेंचमधून आलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या वेशीबाहेर सेंट-वां इथे चिंध्या आणि मोडकं सामान विकणारे बसत. त्या मालात पिसवा असणारच, म्हणून हे नाव पडलं असं मानतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पासाडेना शहरात रोझ बोल या क्रीडासंकुलात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असा बाजार भरतो. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिमफिल्ड या छोट्या गावी १९५९ पासून शेतांमध्ये तंबू ठोकून वर्षातून तीनदा, मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये, प्रचंड बाजार लागतो. ब्रिटनमध्ये याचं घरगुती रूप दिसतं. रविवारी पहाटे लोक आपापल्या गाड्या एखाद्या मैदानात रांगेने लावतात, डिकी उघडतात आणि घरातलं नको झालेलं सामान त्याच डिकीतून विकतात. त्याला तिकडे ‘कार बूट सेल’ म्हणतात.

खेळणी इथे येण्याची कारणं साधी असतात. मुलं मोठी होऊन घर सोडतात, आईवडील लहान घरात राहायला जातात, कोणी वारतं आणि माळे रिकामे करावे लागतात. वीस-तीस वर्षं बंद असलेला एक खोका खाली येतो. त्यात फिगर्स असतात, छोट्या मोटारी असतात, तुटक्या यानाचा एक पंख असतो, रंगीत खडू असतात. घरच्यांना ते सगळं एकच ‘मुलांचं सामान’ वाटतं आणि तसंच ते बाजारात येतं. म्हणूनच अनुभवी संग्राहक नीट मांडलेल्या काचेच्या कपाटांपेक्षा टेबलाखालच्या खोक्याकडे आधी वळतो. कपाटातल्या वस्तूची किंमत विक्रेत्याला ठाऊक असते, खोक्याच्या तळाशी काय आहे हे त्याने बहुधा पाहिलेलं नसतं. पहाटे, बऱ्याचदा अंधारातच, हातात विजेरी घेऊन फिरण्याचा रिवाजही यातूनच पडला. सामान गाडीतून उतरत असतानाच पहिली नजर टाकता आली पाहिजे.

अशा खोक्यातून एखादा स्टॉर्मट्रूपर, म्हणजे ‘स्टार वॉर्स’मधला सैनिक, वर येतो. पांढरं चिलखत घातलेला, काळ्या रेघांचा. हातात घेतल्यावर पहिल्यांदा लक्षात येतो तो रंग. छातीचा भाग पांढरा, पण हात किंवा पाय जुन्या दातांसारखे पिवळट. निरनिराळे भाग निरनिराळ्या प्लास्टिकचे असतात, आणि उजेड, उष्णता व प्लास्टिकमध्ये मिसळलेली रसायनं यांमुळे ते सारख्या वेगाने पिवळे पडत नाहीत. मग सांधे. बहुतेक फिगर्सना मान, दोन खांदे, दोन खुबे असे पाचच. फिगर सपाट जागेवर ठेवून पाहतात. पाय सैल असतील तर ती बसते किंवा कलंडते, घट्ट असतील तर ताठ उभी राहते. मग काळे रंगवलेले भाग पाहायचे, कारण रंग आधी टोकांवरून उडतो. सी-थ्रीपीओ हा सोनेरी यंत्रमानव असेल तर त्याचा मुलामा हाताच्या घामाने गुडघ्यावरून आणि छातीवरून गेलेला असतो. आर टू-डी टूच्या अंगावर बाजूने गुंडाळलेलं स्टिकर असतं. त्याचे कोपरे उचललेले आहेत का, ते निळं राहिलं आहे की फिकटलं आहे, हे पाहावं लागतं. शेवटी फिगर उलटी करून पायाची मागची बाजू उजेडात धरायची.

तिथे, पोटरीवर किंवा मांडीवर, बारीक उठावदार अक्षरं असतात. पहिल्या फिगर्सवर ‘जी.एम.एफ.जी.आय. १९७७’ अशा अर्थाची खूण आढळते. ही ‘जनरल मिल्स फन ग्रुप’ची आद्याक्षरं आहेत. केनर तेव्हा जनरल मिल्स या न्याहारीची धान्यं विकणाऱ्या कंपनीच्या मालकीची होती. पुढच्या फिगर्सवर ‘स्टार वॉर्स’ची निर्मिती करणाऱ्या लुकासफिल्मची आद्याक्षरं येतात. सोबत देशाचं नाव असतं, हाँगकाँग, तैवान, मकाव वगैरे, आणि काहींवर ते नसतंही. पायावरचं साल हे विक्रीचं साल नसून हक्कनोंदणीचं असतं, म्हणून १९७८ च्या फिगरवर १९७७ लिहिलेलं पाहून गोंधळू नये. उलट ही खूण एका मोठ्या चुकीपासून वाचवते. १९९५ पासून ‘स्टार वॉर्स’च्या नव्या फिगर्स पुन्हा मोठ्या संख्येने निघाल्या. अनेकांनी त्या गुंतवणूक म्हणून न उघडता साठवल्या, त्यामुळे त्या आजही भरपूर आणि स्वस्त आहेत. अशी फिगर ‘जुनी, अस्सल’ म्हणून समोर आली तर पोटरीवरचं साल खरं काय ते सांगतं.

सगळ्यात अवघड परीक्षा असते हत्यारांची. मूळ पिस्तुलांची नक्कल करून विकण्याचा धंदा बरीच वर्षं चालू आहे, आणि चांगली नक्कल डोळ्यांना सहज फसवते. पिस्तूल पाण्यात टाकून पाहण्याची युक्ती बाजारात सांगितली जाते. तरंगलं तर खरं, बुडालं तर खोटं. पण तिच्यावर विसंबता येत नाही, कारण काही अस्सल हत्यारं बुडतात आणि काही नकली तरंगतात. खात्रीचा मार्ग वेळखाऊ आहे. खरी म्हणून माहीत असलेली दोन-चार पिस्तुलं जवळ ठेवायची, त्यांच्या कडा, साच्याची शिवण, प्लास्टिकचा कडकपणा आणि चकाकी बोटांना पाठ करून द्यायची, आणि नवीन आलेलं प्रत्येक त्यांच्याशी ताडून पाहायचं. नकलेत कडा बोथट होतात आणि बारीक कोरीवकाम भरून येतं. सोनाराला जसं हातात घेताच वजन कळतं तसं काही वर्षांनी संग्राहकालाही कळू लागतं.

जावा या बुटक्या पात्राची गोष्ट या बाबतीत शिकण्यासारखी आहे. अगदी सुरुवातीच्या जावांना पातळ विनाइलचा झगा होता. इतर फिगर्सएवढ्याच किमतीत ही लहानगी फिगर आणि वर प्लास्टिकचा तुकडा, हे गिऱ्हाइकाला कमी वाटेल म्हणून लवकरच तिला कापडी टोपडं-झगा देण्यात आला. परिणाम असा की कापडी झग्याचा जावा सर्वत्र मिळतो आणि विनाइलचा जावा फार थोड्यांकडे आहे. मग लबाडीही आली. ओबी-वान केनोबी या पात्राचा मोठा विनाइल झगा कापून जावाच्या मापाचा करायचा आणि दुर्मिळ म्हणून विकायचा. कापलेली कड, रंगाची छटा आणि हातांसाठीची भोकं यांवरून ती ओळखता येते, पण त्यासाठी खरा झगा एकदा तरी नीट पाहिलेला असावा लागतो. असाच प्रकार पहिल्या प्रकाशतलवारींचा. ल्यूक, ओबी-वान आणि व्हेडर यांच्या सुरुवातीच्या काही तलवारी एकातून एक अशा दोन टप्प्यांत बाहेर येत. ती रचना नाजूक आणि खर्चिक म्हणून लगेच सोडून दिली गेली. अशी तलवार असलेला, मूळ वेष्टनातला ल्यूक २०१५ मध्ये सदबीजच्या लिलावात २५,००० डॉलरना गेला.

वेष्टनाचं शास्त्र वेगळंच आहे. फिगर छापील पुठ्ठ्यावर पारदर्शक फुग्यात चिकटवलेली असे, आणि पुठ्ठ्याच्या मागे तोवर निघालेल्या फिगर्सची चित्रं असत. बारा चित्रं असतील तर तो पुठ्ठा पहिल्या काळातला. चित्रं जसजशी वाढत गेली तसतसा काळ पुढचा. ब्रिटनमधल्या पालिटॉयचे पुठ्ठे वेगळे, युरोपसाठी तीन भाषांत नाव छापलेले वेगळे. टांगण्यासाठी असलेलं भोक पाडलेलं आहे की पुठ्ठा तिथे अखंड आहे, एवढ्यावरही किंमत बदलते. बाजारात मात्र न उघडलेली फिगर क्वचितच मिळते. मुलाच्या हाती आलेलं वेष्टन तासभरही टिकत नाही.

चुकांमधून झालेल्या फिगर्स संग्राहकांना विशेष प्रिय आहेत. ‘स्टार वॉर्स’मधल्या दारूच्या गुत्त्याच्या दृश्यात क्षणभर दिसणारं स्नॅगलटूथ नावाचं एक पात्र आहे. केनरच्या कलाकारांकडे त्याचं फक्त कमरेपर्यंतचं कृष्णधवल छायाचित्र होतं. त्यांनी अंदाजाने उंच शरीर, निळा पोशाख आणि चंदेरी बूट दिले. १९७८ मध्ये सीअर्स या अमेरिकन दुकानसाखळीच्या एका खास संचातून तो विकलाही गेला. मग कळलं की पात्र बुटकं आहे आणि पोशाख लाल. चूक सुधारली, आणि निळा स्नॅगलटूथ त्या एका संचापुरता उरला. याक फेस ही शेवटच्या फिगर्सपैकी एक. ती कॅनडात आणि युरोपात विकली गेली, पण खेळण्यांची मागणी आटत गेलेल्या अमेरिकेत ती दुकानात पोचलीच नाही. म्हणून अमेरिकन संग्राहक ती समुद्रापलीकडच्या बाजारांत शोधत राहिले.

बोबा फेटची हकिगत याहून गंभीर आहे. १९७९ मध्ये केनरने जाहीर केलं की चार फिगर्सच्या खरेदीचे पुरावे पाठवले की हा नवा भाडोत्री शिकारी टपालाने मिळेल, आणि त्याच्या पाठीवरून छोटा अग्निबाण उडेल. याच सुमारास दुसऱ्या एका अंतराळ-मालिकेच्या खेळण्यातून सुटलेला तुकडा घशात अडकून एका लहान मुलाचा मृत्यू झाला. केनरने अग्निबाण कायमचा चिकटवून टाकला आणि तशीच फिगर मुलांना पाठवली. उडणाऱ्या अग्निबाणाची फिगर कधीच विकली गेली नाही. कारखान्यात चाचणीसाठी केलेले थोडे नमुने मात्र राहिले. त्यांच्या पाठीवरची खाच आधी रोमन ‘एल’च्या आणि मग ‘जे’च्या आकाराची होती. असा एक हाताने रंगवलेला नमुना २०२४ मध्ये लिलावात ५,२५,००० डॉलरना विकला गेला. एका मुलाच्या जिवाची किंमत या गोष्टीच्या मुळाशी आहे, हे तो आकडा सांगताना विसरू नये. लहानपणी आपल्याकडे उडणारा अग्निबाण होता असं अनेकजण मनापासून सांगतात, पण तो जाहिरातीच्या आठवणीचा परिणाम आहे. जुन्या बाजारात तशी फिगर दिसली तर ती बनावट असणार असंच धरून चालावं.

बाजारातला भाव आता भ्रमणध्वनीने ठरू लागला आहे. विक्रेता तिथेच इंटरनेटवर शोधतो आणि मोठा आकडा दाखवतो. तो आकडा बहुतेकदा कोणीतरी मागितलेला असतो, मिळालेला नसतो. प्रत्यक्ष विक्री झालेल्या किमती पाहिल्या की भाव जमिनीवर येतो. सुट्या फिगरपेक्षा पूर्ण खोका एकत्र मागितला तर घासाघीस सोपी जाते आणि तळाशी पडलेली सुटी हत्यारंही त्यात येतात. पिशवीतली धूळ, बटणं आणि खडे न फेकता घरी आणून चाळणं ही या छंदातली जुनी सवय आहे. त्यातूनच पेराएवढं काळं पिस्तूल निघतं. समोर एखादी म्हातारी आजी नातवाचा खोका दोन पैशांना द्यायला बसली असेल आणि आत मोलाची वस्तू असेल, तर तिला ते सांगून योग्य पैसे देणं हेच बरोबर.

घरी आणल्यावर सौम्य साबण, कोमट पाणी आणि मऊ ब्रश एवढंच पुरतं. झगे आधी काढून ठेवायचे, स्टिकर असलेली फिगर भिजवायची नाही, नेलपॉलिश काढण्याचं द्रव कधीही लावायचं नाही, कारण त्याने प्लास्टिकच विरघळतं. पिवळेपणा घालवण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवण्याची पद्धत प्रचलित आहे. तिने पांढरा रंग येतो, पण पिवळेपणा पुन्हा परततो आणि प्लास्टिकवर परिणाम होतो तो वेगळाच. विकताना हे केल्याचं सांगणं आवश्यक मानलं जातं. मऊ प्लास्टिकमधली लवचीकता देणारी द्रव्यं कालांतराने बाहेर येऊन फिगर चिकट होते. बंद पिशवीत ते वाढतं. थंड, कोरडी, अंधारी आणि थोडी हवा खेळणारी जागा उत्तम. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या वेष्टनांना बुरशीचा धोका सगळ्यात मोठा. आणि या वस्तू लहान मुलांना खेळायला देऊ नयेत. ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुन्या प्लास्टिक खेळण्यांत शिसं आणि कॅडमियमसारखे घातक धातू आढळले होते.

या साऱ्यात भारताचाही, विशेषतः गोव्याचा, एक धागा आहे. एमआरएफ या टायर कंपनीने हॅसब्रोच्या सहकार्याने १९८७ मध्ये फनस्कूल ही कंपनी काढली आणि गोव्यात खेळण्यांचा कारखाना सुरू केला. इथे हॅसब्रोच्या साच्यांतून पावणेचार इंची जी. आय. जो ओतले गेले. अमेरिकेत या फिगर्सच्या मागे त्याच नावाची कार्टून मालिका आणि मार्व्हलचं कॉमिक होतं, आणि वेष्टनामागे प्रत्येक सैनिकाचं छोटं चरित्र छापलेलं असे. अमेरिकेत बंद झालेले अनेक साचे भारतात चालू राहिले, आणि उपलब्ध प्लास्टिक व रंगांप्रमाणे त्यांचे रंग बदलले. कधी हिरव्याचा निळा झाला, कधी दुसऱ्याचंच हत्यार हाती आलं. इथल्या मुलांना तो फरक जाणवण्याचं कारणच नव्हतं. पण परदेशी संग्राहकांना तेच रंग कुठे न पाहिलेले वाटले, आणि या फिगर्स मागवल्या जाऊ लागल्या. दूरदर्शनवर १९८० च्या दशकाच्या अखेरीस लागणाऱ्या ‘ही-मॅन’च्याही फिगर्स इथे लिओ या नावाखाली बनल्या, आणि त्यांनाही आज शोधणारे आहेत. मुंबईच्या चोर बाजारात किंवा बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या पुण्याच्या जुन्या बाजारात मोडक्या रेडिओंच्या आणि पान्यांच्या ढिगात असं एखादं डोकं, एखादं धड अधूनमधून दिसतं.

जी. आय. जोची फिगर हातात आली आणि कमरेपासून वरचा भाग खुळखुळत असेल, किंवा दोन तुकडेच मिळाले, तरी ती टाकाऊ नसते. या सैनिकाच्या छातीच्या पोकळीत एक काळी रबरी कडी असते. ती वर छातीतल्या खुंटीला आणि खाली पाय जोडणाऱ्या धातूच्या आकड्याला अडकवलेली असते, आणि तिच्या ताणावरच पूर्ण शरीर एकत्र राहतं. तीस-चाळीस वर्षांत रबर सुकून तुटतं. पाठीवरचा एक छोटा स्क्रू काढला की छाती दोन भागांत उघडते. तशाच मापाची नवी कडी नळदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात काही रुपयांत मिळते. ती बसवताना घाई करायची नाही. जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, पाय ताणले तर कमरेचा भाग चिरतो, आणि जाड मुठीची बंदूक हातात दाबली तर अंगठा तुटतो. हे दोन्ही मोड जोडून नीट होत नाहीत. म्हणून कंबर तुटलेली किंवा अंगठा गेलेला सैनिक संग्राहक फेकत नाहीत. सुट्या भागांच्या डब्यात तो ठेवला जातो, आणि त्याचे हात, पाय किंवा धड पुढच्या एखाद्या खोक्यातून अर्धवट आलेल्या दुसऱ्या सैनिकाला लावले जातात.